काटेमाठास अभय दिल्याचे वर्तमान

धान्यलक्ष्मी प्रसन्न असो, ऐकणारांच्या कणग्या भरल्या असोत. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारीनाम संवत्सरे, श्रावणमासी जे घडले ते यथामति लिहिले असे.

एके राज्यी राजश्री भुजंगराजे नांदत होते. मुलूख म्हणजे आठ शेते, पीक दरसाल सोयाबीन, आणि त्यात काटेमाठ नामे तण दरसाल बंड करी. मग राजे स्वये पाठीस पंप बांधोन स्वारीस निघत आणि तणनाशकाचा मारा करोन गनीम आडवा करीत. औषध मात्र एकच, की पहिल्या स्वारीत ज्याने यश दिले त्यास बदलणे म्हणजे इमानी सरदारास घरी बसविणे, ऐसे राजियांचे मत. आणि कुळाचार ऐसा की पडलेल्यावर दुसरा वार करू नये. सबब जी झाडे औषध पिऊनही मान टाकोन जिवंत राहत, ती शरण आली ऐसे समजोन राजे त्यांस अभय देत.

मग ती अभय दिलेली झाडे राजियांची पाठ फिरताच उठत आणि बी धरीत, आणि ते बी मळणीयंत्रात बसोन या शेतातून त्या शेतात जाई, कारण यंत्र झाडण्याची चाल राज्यात नव्हती. पुढील पिढी औषधास भीक घालीना. ऐसी सात शेते गेली. उरली बेलाची पट्टी. अवघ्या राज्याचे बियाणे तेथेच होई. ती गेली तर पुढील साली पेरावयास घरचा दाणा नाही. त्या पट्टीतही माठ दिसला, तेव्हा राजियांनी औषध दुप्पट केले, आणि सोयाबीनची पाने करपली, माठ तैसाच उभा. राजे बांधावर बसले आणि त्यांस रडू आले.

राणीसाहेब यमाई भाकर घेऊन आल्या. म्हणाल्या, "इकडून मेलेलेच पाहणे होते. जगले त्यांचीच पोरे ही."

राजे म्हणाले, "मग करावे काय?"

"अजून बी धरले नाही. उपटावे."

"आमचे घराणे आजवर कोणापुढे वाकले नाही."

"उभ्याने मूळ हाती येत नाही," ऐसे बोलोन राणीसाहेब पदर खोचोन सरीत बसल्या आणि उपटू लागल्या.

मग राजियांनी पंप उतरविला आणि ते वाकले. हातास काटे बोचले, कंबर धरली, परंतु फुलोऱ्याआधी पट्टी साफ जाहली. पुढील साली अन्य शेतांत ज्वारी घातली, औषध पालटले, यंत्र बांधावर झाडोनच आत घेतले, आणि औषधातून जो वाचला तो हाताने उपटिला. बंड समूळ मोडले नाही, परंतु आवरले.

तात्पर्य, बेलाच्या पट्टीचे बियाणे राहिले. राजियांची कंबर अद्यापि पुरती सरळ होत नाही, आणि कोणी पुसिले तर तणापुढे वाकलो होतो, ऐसे ते स्वये सांगतात. इति वर्तमान समाप्त.