मस्कतच्या पाहुण्यांचे पाय

मी एकदा मनावर घेतलं की मागं हटत नाही, हे आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा जाणतात. आणि मी मनावर घेतलं होतं, की आमचा येसर मस्कतला पाठवायचा म्हणजे पाठवायचाच!

येसर म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेर सांगावं लागतं. गहू, डाळी, धने, मिरच्या, खडा मसाला असं सगळं खमंग भाजायचं, दळायचं आणि त्याची आमटी करायची. आमच्याकडं लग्न म्हटलं की येसराची आमटी आलीच. चिकलठाण्याला घराला लागूनच आमचं पत्र्याचं शेड आहे, सहा बाया कामाला आहेत आणि माझं नाव कारभारी औताडे. आईबापांनी नावातच हुद्दा देऊन ठेवलेला! मला आणखी कुणाकडून नेतृत्व शिकायची काही गरज नव्हती.

पण छावणीतल्या साळवे सरांनी चार रविवारची व्याख्यानं ठेवली, 'बायबलमधले नेते आणि आपला धंदा परदेशी'. सर मिशनच्या शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक. मी गेलो. खरं सांगतो, पहिल्या रविवारी मी नाश्त्यासाठी गेलो होतो.

पहिला नेता गिदोन. त्यानं लढाईआधी सैन्याला ओढ्यावर नेलं. जे गुडघे टेकून पाणी प्यायले ते घरी. जे ओंजळीनं, चौफेर नजर ठेवून प्यायले ते तीनशे सोबत. मला हे फारच पटलं. परदेशी मालासाठी खास तुकडी नको का निवडायला? सोमवारी मी शेडमध्ये तांब्या घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "प्या!"

सहाच्या सहा जणी तांब्या वर धरून, ओठाला न लावता, घटाघटा वरून पाणी प्यायल्या. गुडघा कुणी टेकेना, ओंजळ कुणी करेना! मनकर्णाबाई तर दुसऱ्या हातातल्या फोनवर बोलत बोलत प्यायली. सगळ्या पास. गिदोनाला आमच्याकडं एकही माणूस कमी करता आला नसता.

दुसऱ्या रविवारी बायको, आशा, सोबत आली आणि घात झाला. कारण त्या दिवशी नेता होता मोशे. एवढा मोठा माणूस, पण सगळी कामं एकटाच ओढायचा. तेव्हा त्याचा सासरा इथ्रो आला आणि म्हणाला, "बाबा, असा तू झिजून जाशील. शंभरावर एक, पन्नासावर एक, दहावर एक माणूस नेम आणि कामं वाटून दे." मोशेनं ऐकलं.

आशानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "मोशेनं सासऱ्याचं ऐकलं," ती म्हणाली. "आन् तुम्ही आमच्या आबांना साधा फोन करीत नाय."

दुसऱ्या दिवशी फर्दापूरला फोन लावला. आमचे सासरे कडूबामामा म्हणजे न बोलावता सल्ला देणारा माणूस. आता तर बोलावणंच गेलं! मी इथ्रोची सगळी गोष्ट सांगितली. मामा म्हणाले, "कामं वाटायची ना? त्याच्यात काय! पुढच्या आयतवारच्या पुढच्या आयतवारी येतोच."

तिसऱ्या रविवारी सरांचा आवाजच बदलला. येशूनं कमरेला टॉवेल गुंडाळला, भांड्यात पाणी घेतलं आणि शिष्यांचे पाय धुतले. "खरा नेता तो, जो वाकतो," सर म्हणाले. "पेत्र नको नको म्हणत होता. येशूनं सोडलं नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथंच ठरवलं, कुणाचे पाय धुवायचे ते!

तात्यासाहेबांचे. तात्यासाहेब मूळचे कन्नडचे, पण गेली तीस वर्षं मस्कतला. तिथं त्यांची किराणा मालाची तीन दुकानं. चौथ्या रविवारी ते आमचं शेड बघायला येणार होते. दहा किलो नमुना सोबत घेऊन संध्याकाळच्या विमानानं जाणार. तिथं तो तपासणीत पास झाला आणि दुकानात खपला, की दर महिन्याला पाचशे किलो! त्यासाठी आम्ही तीन दिवस भाजणी केली होती. आमची लेक शिवकन्या फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. तिनं अर्ध्या किलोची वीस पाकिटं भरून, इंग्रजी-अरबी लेबलं लावून कपाटात ठेवली होती.

रविवारी सकाळी तात्यासाहेब आले. साठीचे, शांत, पांढरा सफारी. मी त्यांना ओसरीवर खुर्चीत बसवलं, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि माळ्यावरची पितळी परात काढली.

"अहो!" आशा आतून ओरडली. "आठ आठ दिवस नळाला पाणी नाय, आन् तुम्ही पाव्हण्याचे पाय धुवायलेत?"

"तुला नाही कळायचं. नेतृत्व आहे ते!"

तात्यासाहेब पाय मागं घ्यायला लागले. "औताडे, हे काय करायलेत? नको, नको!"

पेत्रही असंच म्हणाला होता! मी घोटा घट्ट पकडला आणि पाणी ओतलं. तात्यासाहेब एकदम गप्प झाले. नेमके तेव्हाच कडूबामामा पिशवी घेऊन दारात उभे राहिले.

आता ती परात कुठली, ते सांगायला हवं. सव्वीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या मांडवात, मामांनी जावई म्हणून माझे पाय धुतले ते याच परातीत. मग त्यांनी ती लेकीबरोबर आंदण दिली. त्या परातीला एकच काम माहीत! घरात लग्नाची लेक, परातीत परक्या माणसाचे पाय, जावई टॉवेल गुंडाळून खाली बसलेला. मामांनी पिशवी ठेवली, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि आशाला बाजूला घेतलं.

"कुठली माणसं?"

"मस्कतची, आबा."

"काय हाय तिकडं?"

"तीन दुकानं हायेत."

"तीन! मग पसंती झाली म्हणायची?"

"व्हईल असं वाटतंय. अजून नमुना दाखवायचा राह्यलाय."

"पोरीला नमुना म्हणती व्हय गं! लई झालंय लाडानं."

आशाला वाटलं, आबांना कमी ऐकू यायला लागलंय. ती चहा ठेवायला गेली. मी पाय पुसले आणि तात्यासाहेबांना शेडमध्ये नेलं. नेता बोलायला लागला की वेळेचं भान राहत नाही. मिरची कुठून येते, धने किती भाजायचे, हे मी चांगलं अडीच तास सांगितलं.

त्या अडीच तासांत मामांनी इथ्रोला मागं टाकलं! बायांवर मनकर्णाबाई नेमली. पोळ्यांवर सारजाबाई. पातेलं, सरपण, बुंदी, सगळ्यांवर एकेक माणूस. खुलताबादला माझ्या आवडाआत्याला फोन केला, ती जीप भरून निघाली. गल्लीत स्वतः फिरून आमंत्रण दिलं. आशाला वाटलं, हे सगळं मीच सांगून ठेवलंय. सुट्टीचा दिवस, फुकटचं जेवण! आम्ही बाहेर आलो तर अंगणात दीडशे माणूस, मधोमध भलं मोठं पातेलं रटरटतंय आणि गल्लीभर येसराचा वास. साळवे सरही चौथं व्याख्यान उरकून पंगतीत पहिल्या रांगेत बसलेले.

"औताडे, काही कार्य आहे का आज?" तात्यासाहेबांनी विचारलं.

मलाही तेच विचारायचं होतं. तेवढ्यात आवडाआत्यानं पुढं होऊन तात्यासाहेबांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि कपाळाला गंध लावलं. "व्याही, पोराचा फोटू तरी दाखवा की!"

"कुणाच्या पोराचा?"

मागून शिवकन्या आली. हातात चिकटपट्टी, डोळ्यांत जाळ. "पप्पा, माझं लग्न ठरलंय म्हणं. गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक. मला कधी सांगणार होता?"

दीडशे माना माझ्याकडं वळल्या. "ते बायबलमध्ये… येशूनं… म्हणजे नेता वाकतो…" असं काहीबाही मी बोलत सुटलो. मला सगळं कळून चुकलं होतं. गेली ऑर्डर! ज्याच्या गळ्यात आपण फसवून सोयरीक बांधायला बघतोय असं वाटलं, तो माणूस पाचशे किलो काय, पाच चमचे घेणार नाही.

तात्यासाहेबांनी टोपी काढली, हातात फिरवली.

"मला पोरगा नाय हो," ते हळूच म्हणाले. "तीन पोरी हायेत. तिघींची लग्नं केली. तीन जावयांचे पाय धुतले, व्याह्यांचे धुतले, वाकून वाकून गुडघे गेले." त्यांनी आपल्या पायांकडं पाहिलं. "माझं लग्न सोडलं तर माझे पाय आजपोतर कुणीच धुतले नव्हते. मुलीच्या बापाचे कोण धुतो? सकाळी तुम्ही पाणी ओतलं, तेव्हा मला बोलायला येईना."

आवडाआत्यानं पदर डोळ्याला लावला. साळवे सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली, शाळेत पहिला आलेल्या पोराकडं बघतात तशी. माझी छाती जागेवर मावेना! शिवकन्यासुद्धा हसली आणि म्हणाली, "काका, बसा. आता तुम्ही जेवल्याबिगर जायचं नाय."

"बसा, बसा! आमटी निवायली!" मामा ओरडले आणि पंगत सुरू झाली.

तात्यासाहेबांनी पोळी चुरली, आमटी ओतली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आईच्या हातची चव म्हणे. दुसरी वाटी. तिसरी. सहावी वाटी संपवून त्यांनी माझा हात धरला. "औताडे, ऑर्डर पक्की! फक्त तपासणीला दाखवायला नमुना पाहिजे. आणा ती पाकिटं, माझ्या विमानाची वेळ झाली."

मी उडालोच! शिवकन्या आत पळाली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वीस पाकिटं होती. वीसही सपाट. "आबा, ही कुणी फोडली?"

"मी!" मामा अभिमानानं म्हणाले. "दीडशे माणसाला आमटी करायची, येसर आणायचा कुठून? कपाटात घरचाच होता, भारी पुडक्यात. सगळा घातला. घट्ट झाली का नाय?"

साळवे सरांनी ताटातला शेवटचा ओरपा घेतला. "येशूनं पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवू घातली," ते म्हणाले, "आणि बारा टोपल्या उरल्या होत्या, कारभारी."

आमच्याकडं चिमूटभर उरलं नव्हतं. "पाठवा मागून, मी वाट बघतो," असं म्हणत तात्यासाहेब टोपी घालून विमानतळाकडं निघाले. सोमवारी आम्ही पुन्हा भाजणी घातली. पण बोललो ते मी करून दाखवलं, हे विसरू नका! आमचा पहिला माल ठरल्या दिवशी, ठरल्या विमानानं मस्कतला रवाना झाला. फक्त तो तात्यासाहेबांच्या पोटातून गेला, त्यामुळं तपासणीत कुणाला दाखवता आला नाही.