काशीचा वास

काळुराम मढवीने त्या रविवारी कल्याणच्या कृषी प्रदर्शनाला जायचं ठरवलं, ते काही शेतीच्या ओढीने नव्हे. मोरीतला नळ गळत होता आणि त्याच्या बायकोने, मंजुळाने, सकाळीच पान्हा त्याच्या हातात ठेवला होता. (मागच्या खेपेला त्याने एक नळ दुरुस्त केला, तेव्हापासून दोन गळत होते.) शेती तर केव्हाच गेली होती. डोंबिवलीच्या पूर्वेला जिथे त्याच्या बापजाद्यांची भातखाचरं होती, तिथे आता ‘पारिजात’ नावाची चार मजली इमारत उभी होती आणि काळुराम ठाण्याच्या एका कचेरीत आवक-जावक कारकून होता. पान्हा त्याने हळूच खिडकीत ठेवला, “गोठ्याचं काहीतरी विचारून येतो,” म्हणाला आणि सटकला.

गोठ्याचं विचारण्यासारखं मात्र खरंच होतं. घराला लागून पत्र्याचा गोठा, गोठ्यात काशी नावाची एकुलती एक म्हैस, आणि गोठ्याच्या बरोब्बर समोर पारिजातची सगळी स्वयंपाकघरं. वारा खाडीकडून सुटला की पारिजातच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदत्त केळुसकर मग खाली उतरायचे. माणूस सज्जन. नाकाला रुमाल लावून का होईना, पण नमस्कार करून बोलायचे.

“काळुरामशेट, काल मुलीला बघायला मंडळी आली होती. पोह्यांची बशी हातात घेतली आणि मुलाची आई विचारते, गॅस लीक होतोय का?”

“मग?”

“मग काय? पोहे तसेच राहिले. आता सभासद म्हणतात, वर अर्ज द्या. म्हैस हलवा हो कुठेतरी. हात जोडतो.”

खरं सांगायचं तर काळुरामलाही म्हैस हलवायचीच होती. कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलावरची बाई उदबत्ती लावून बसायची, आणि ती देवासाठी नसते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण काशी हलायची नाही, कारण आय होती.

आय म्हणजे त्याची आई, जनी. काळुराम शाळेत असतानाच बाप गेला. जनीने पोटच्या पोराला म्हशीच्या दुधावर वाढवलं. नुसतं पाजून नव्हे, दारोदार रतीब घालून. त्या म्हशीची नात ही काशी. आता जनीचे डोळे काचबिंदूने नेले होते. कानांत ओरडल्याशिवाय काही पोचत नव्हतं. वर्षभरापूर्वी मोरीत पडून खुबा मोडला, तेव्हापासून ती गोठ्याला लागून असलेल्या भिंतीशी खाटेवर पडून होती. नाक मात्र शाबूत. दारातून कोण आलं हे ती वासावरून सांगायची. “कालू, आज हापिसात भजी खाल्लीस,” असं तिने म्हटलं की काळुराम चपापायचा आणि कपडे बदलायला आत जायचा. तिच्याशी बोलायचं तर घसा फाटेस्तोवर ओरडावं लागे. शिवाय घरात नुकतंच केबल आलं होतं. त्यामुळे खाटेशी टेकणं काही व्हायचं नाही.

प्रदर्शनात एका टेबलामागे नीला नावाच्या मॅडम उभ्या होत्या. पुढे तपकिरी पाण्याच्या बाटल्या.

“शेणात वास करणारे जंतू असतात,” मॅडम समजावत होत्या, “आणि त्यांना मागे सारणारे चांगले जंतूही असतात. आपण चांगल्यांची संख्या वाढवायची, एवढंच.”

काळुरामचे डोळे चमकले. “म्हणजे खात्यात आपली माणसं भरायची!”

“तसंच समजा. दह्याला विरजण लावता ना? हे शेणाचं विरजण. गूळ-पाण्यात पिंपात मुरवायचं, मग गोठ्यात शिंपडायचं, थोडं म्हशीच्या पाण्यात घालायचं. आणि हे लक्षात ठेवा, पिंपाचं झाकण...”

झाकणाचं पुढे काय ते काळुरामने ऐकलं नाही. पलीकडे फुकट चहा आला होता.

घरी येऊन त्याने गूळ कालवला, बाटली ओतली आणि झाकण चांगलं गच्च दाबून वर पाटा ठेवला. (जंतू पळून जाऊ नयेत म्हणून.) आठवडा बरा गेला. मग एका दुपारी, काळुराम रजा टाकून झोपलेला असताना, बाहेर तोफ उडाली. पाटा पडला गोठ्याच्या पत्र्यावर, आणि झाकण गेलं ते थेट केळुसकरांच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या सांडग्यांवर. आळीभर आंबलेल्या गुळाचा घमघमाट सुटला.

केळुसकर झाकण हातात धरूनच आले. “काळुरामशेट, म्हशीचं आम्ही सोसलं. आता हातभट्टी?”

“अहो, हातभट्टी कसली! जंतू आहेत ते! चांगले जंतू!”

तेवढ्यात कुंपणापाशी लुंगीतला एक अनोळखी इसम येऊन उभा राहिला. हातात रिकामी बाटली. “शेट,” तो अदबीने म्हणाला, “पहिल्या धारेची असंल तर आधी आपल्याला.”

त्याला घालवता घालवता आणि केळुसकरांची समजूत काढता काढता संध्याकाळ झाली. पिंपात मात्र निम्मं पाणी शिल्लक होतं. काळुरामने हट्टाने ते गोठ्यात शिंपडलं, शेणाच्या खड्ड्यात ओतलं, काशीच्या पाण्यात घातलं. वर हौसेने तिच्या अंगालाही रोज चोळू लागला. मॅडमनी हे काही सांगितलं नव्हतं, पण कारकून एकदा अंमलबजावणीला लागला की लागला.

आणि काय सांगावं, वास गेला! आधी कमी झाला, मग उरला नुसता ओल्या मातीचा, मग तोही नाही. पारिजातच्या खिडक्या उघडल्या. केळुसकरांच्या मुलीचं जमलं. त्यांनी पेढे आणून दिले आणि पहिल्यांदाच रुमालाशिवाय उभे राहिले. कचेरीतली उदबत्ती बंद झाली. काळुराम डबा खाताना सूक्ष्म जीवांवर व्याख्यानं देऊ लागला. आपण आयुष्यात एक काम नीट केलं, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

मंजुळाने एका सकाळी न्याहारीचं ताट तसंच परत आणलं. “आय जेवत नाहीत. काल पण दोनच घास खाल्ले. तुमचं लक्ष आहे का?”

काळुराम खाटेशी गेला. जनी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आय, जेवत का नाय?” तो कानाशी ओरडला.

“म्हस कवा इकलीस?” जनीने विचारलं.

“इकली नाय! गोठ्यात हाय!”

“मंग वास कं नाय येत?”

“वास जंतूंनी खाल्ला!”

जनी म्हणाली, “जंतू वास खातान? लहानपनी गूल तू खायचास नि मुंगल्यांचा नाव सांगायचास.”

काळुरामने काशीला सोडून आणलं. म्हैस दारातून जेमतेम आत आली, येताना केबलीत पाय अडकवून टीव्हीचा डबा खाली पाडला आणि खाटेशी जाऊन उभी राहिली. मंजुळाने जनीचा हात उचलून काशीच्या कपाळावर ठेवला. त्या हाडकुळ्या बोटांनी शिंगांचं वळण चाचपलं, कानाची फाटकी पाळी चाचपली. काशीने तिचा तळवा चाटला. जनी पुढे वाकली, म्हशीच्या मानेत तोंड खुपसलं आणि दीर्घ श्वास घेतला.

मग तिने हात काढून घेतला.

“शिंगा तशीच हान,” ती म्हणाली. “पन ही काशी नाय. कोनाची म्हस आनलीस रं? आंधल्या आयला फसवतंस?”

मंजुळाने खोबरेल तेलाची बाटली नाकाशी धरून पाहिली, चिरलेला कांदा धरून पाहिला. जनीने दोन्ही बरोबर ओळखले. म्हणजे नाक ठीक होतं. म्हणजे म्हैस विकली होती. त्या हिशोबात खोट काढणं कुणाच्याही बापाला शक्य नव्हतं.

त्या दिवसापासून काळुराम वास परत आणायच्या मागे लागला. शिंपडणं बंद केलं. शेण उचलणं बंद केलं. पण एकदा चिकटलेले कर्मचारी हलतात थोडेच? चांगले जंतू आपलं काम चोख करत राहिले. शेवटी तो शीळफाट्याच्या एका तबेल्यात गेला आणि त्याने ताजं शेण मागितलं.

“कशाला हवंय?” तबेलेवाल्याने विचारलं.

“वासाला.”

तबेलेवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि घमेलं भरून दिलं. एकाही रिक्षावाल्याने त्याला घेतलं नाही. बसच्या कंडक्टरने दुसऱ्या स्टॉपवर उतरवलं. शर्ट-पँट इन केलेला, खिशाला पेन लावलेला काळुराम डोक्यावर शेणाचं घमेलं घेऊन भर उन्हात डोंबिवलीपर्यंत चालत आला. वाटेत कचेरीतला एक ओळखीचा माणूस स्कूटरवरून गेला, थांबला, बघितलं आणि पुन्हा निघाला.

त्याने घमेलं खाटेपाशी ठेवलं. जनीने वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर काही हललं, आणि काळुरामला वाटलं, जमलं.

“हे दुसऱ्या म्हशीचा,” ती हळू आवाजात म्हणाली. “काशीचा असा नाय.” मग तिने चाचपत त्याचा हात शोधला. हात शेणाने माखलेला होता, तिने तो तसाच धरला. “कालू, कनाला डोक्यावरशी शेन व्हातंस? बिल्डिंगवाले छलतान, मना म्हाईत हाय. इकलीस तर इकलीस. मना येवराच सांग. चांगल्या घरी दिलीस नं?”

पलीकडे भिंतीच्या मागे काशी रवंथ करत उभी होती. काळुरामने एकदा मंजुळाकडे पाहिलं. मंजुळाने डोळ्यांना पदर लावला होता.

“हो आय,” तो ओरडला. “चांगल्या घरी दिली.”

“कोन गावाला?”

त्याच्या तोंडाला सुचेल ते आलं. “टिटवाळ्याला!”

“घास-पानी हाय तया?”

“भरपूर हाय!”

असं म्हणून त्याने आपली काशी विकून टाकली. तो मोरीत गेला, गळणाऱ्या नळाखाली हात धरले आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

जनी त्या दिवशी दूधभात जेवली. दूध काशीचंच. “पिशवीचा दूध बरा लागतं,” असंही म्हणाली.

मग रोजचंच झालं. काळुराम कचेरीतून आला की हातपाय न धुताच खाटेशी बसायचा आणि जनी विचारायची, “काशीची खबर कं?” तो ओरडून ओरडून टिटवाळ्याच्या बातम्या द्यायचा. काशीला नवी घंटा बांधली. काशीची घरातल्या सुनेशी गट्टी जमली. काशीने सरपंचाचं धोतर चावलं. पारिजातच्या पहिल्या मजल्यापर्यंत हे सगळं ऐकू जायचं. केळुसकरांची बायको तर टीव्ही बारीक करून गॅलरीत येऊन बसायची. जनी डोळे मिटून ऐकायची, मधेच हसायची. काळुराम एवढा वेळ तिच्यापाशी लहानपणीसुद्धा बसला नसेल.

दिवाळी झाली आणि जनी गेली. दुपारी मंजुळाने मऊ भात भरवायला हाक मारली तेव्हा तिने ओ दिली नाही. पारिजातची माणसं खाली उतरली, केळुसकरांनी खांदा दिला. तिरडी गोठ्यावरून नेताना काशी एवढ्या मोठ्याने हंबरली की सगळे थबकले. काळुराम मात्र थबकला नाही. थबकला असता तर पुढे चालणं झालं नसतं.

दिवस-कार्य झाल्यावर तो आणि मंजुळा ओट्यावर बसले होते. काळुराम म्हणाला, “सगळं जमलं असतं गं. पण जाताना आयला खोटं सांगून पाठवलं. तिच्या मनात म्हैस विकलेलीच राहिली.”

मंजुळा थोडी घुटमळली. “त्यांना माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“काशी गोठ्यात आहे ते. शेपटी भिंतीवर आपटते ना, ती खाटेवर त्यांच्या पाठीला लागायची. तुम्ही टिटवाळ्याला विकलीत त्याच आठवड्यात त्यांच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी मला सांगितलं.”

“आणि तू मला बोलली नाहीस?”

“त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, त्याला सांगू नको. खरं कळलं तर उद्यापासून पुन्हा टीव्हीसमोर बसेल. खोटं बोलायला का होईना, पोर जवळ येऊन बसतं.”

गोठ्यात काशीने शेपटी आपटली. काळुरामने खालच्या आवाजात विचारलं, “पण बातम्या ऐकून हसायची ना? आवडायच्या ना तिला?”

“आवडायच्या तर,” मंजुळा डोळे पुसत म्हणाली. “तुम्ही काशीला टिटवाळ्याच्या खाडीत डुंबायला नेलंत, त्या दिवशी तर फार हसल्या. म्हणाल्या, टिटवाल्याला खारी कुठनं आली? सरकारनं याला हापिसात कनाला ठेवलाय? माझ्या पोराला कशाचा गंध नाय.”