शांतवनमामाचा शातो

आमचा शांतवनमामा दार वाजवल्याशिवाय कुठल्याच किल्ल्यात पाऊल टाकत नसे. किल्ल्याला दार नसलं तरी. आणि आमच्या नगर जिल्ह्यात दार शाबूत असलेल्या गढ्या आणि किल्ले असे कितीसे असणार? दारांची लाकडं केव्हाच कुणाच्या तरी गोठ्याला लागलेली. मग मामा कमानीच्या दगडावर बोटांच्या पेरांनी टकटक करी, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरी आणि उभा राही. आत एखादं कबुतर फडफडलं की "चला, बोलावलंय," म्हणून आत शिरे.

"मामा, आत कुणी नाहीये," माझा धाकटा भाऊ दान्या म्हणायचा.

"तुला काय ठाव? ज्याचं घर त्याला इचारल्याबगर शिरत्यात व्हय? फ्रान्सात असं न्हाई चालत."

हे त्याचं पालुपद होतं. आमटीत मीठ जास्त झालं, आमच्या ख्रिस्ती देवळात गीत घाईघाईनं म्हटलं, कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलं, की फ्रान्सात असं चालत नसे. फ्रान्सात नक्की काय चालतं याचा पत्ता आम्हाला शेवटपर्यंत लागला नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. गाव पारनेर तालुक्यातलं. आई शिकली, नगरला आली, तिची भाषा बदलली. मामानं मात्र गावची बोली अंगरख्यासारखी अंगावर ठेवली. पहिल्या महायुद्धात, मिसरूड फुटायच्या वयात, गावातली काही ख्रिस्ती पोरं मजुरांच्या पलटणीत भरती झाली, त्यांत हाही बोटीवर चढला. बंदूक काही त्याच्या हाती आली नाही. फ्रान्समधल्या एका जंगलात झाडं तोडायला त्याला लावलं. ते जंगल कुणा उमरावाचं होतं आणि जंगलाच्या मध्ये त्या उमरावाचा वाडा होता. त्याला तिकडे शातो म्हणतात. मामा समजावून सांगे, "शातो म्हंजी आपली गढीच. पर पाटील लई पैसेवाला."

तिकडून येताना त्यानं एक करवत आणली, दोन फ्रेंच शब्द आणले आणि तो शातो आणला. करवतीवर त्यानं जन्मभर पोट भरलं. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या पडवीत तो देवळाचे बाक करी, दारं-खिडक्या करी, वेळ आली की शवपेट्याही करी. 'बोंझूर' आणि 'मेर्सी' हे दोन शब्द त्यानं हात न आखडता गावभर वाटले. गवळ्याच्या म्हशीला तो सकाळी बोंझूर म्हणे. भाजीवालीनं वर कढीपत्ता टाकला की मेर्सी, आणि पोटातली कळ थांबली की आभाळाकडे बघून मेर्सी. नगरच्या बाजारात तेव्हा दोन-चार भाजीवाल्या तरी उलट मेर्सी म्हणायला शिकल्या होत्या.

आणि शातो त्यानं आम्हा भावंडांना देऊन टाकला. मी, दान्या आणि शेंडेफळ बेबी, तिघं त्याच्या पडवीत भुशात बसायचो आणि तो रंधा मारता मारता आम्हाला शातोतून हिंडवायचा. तिथली चूल एवढी मोठी, की बैल न सोडता गाडी आत उभी करावी. दिवाणखान्यात समोरासमोर आरसे, त्यामुळे एकटा माणूस आत गेला तरी पलटण आल्यासारखी वाटे. पलंगाला चारी बाजूंनी पडदे, "आत निजलेल्याला सकाळ झालेली कळायची न्हाई, म्हनून लोक श्रीमंत." झुंबरं तर वर्षागणिक मोठी होत जात.

माझे बाबा शाळेत गणित शिकवत. त्यांना हे सहन होत नसे.

"मेव्हणेबुवा, मागल्या खेपेला त्या झुंबराला एवढ्या मेणबत्त्या नव्हत्या."

"दाजी, मागल्या खेपेला उन्हाळा हुता. आता नाताळ आलाय," मामा रंधा न थांबवता म्हणे.

लग्न त्यानं केलं नाही. कुणी विचारलं तर "ऱ्हाऊन गेलं" म्हणायचा, बाजारातून मीठ आणायचं राहून जावं तसं. जेवायला आमच्याकडेच असे. भाकरी सुरीनं कापून खाई, आणि आई रोज त्यावरून त्याला बोलत असे.

मला आणि दान्याला घेऊन तो जवळपासच्या पडक्या वेशी आणि बुरूज पालथे घालत असे. पण त्याचं समाधान नव्हतं. "ह्ये खरं न्हाई. किल्ला बगाय जायाचं म्हंजी फ्यामिलीनं जायाचं. आई, बाप, पोरं, टोपलीत जेवान, दिसभर." शिवाय किल्ला म्हणजे कुणाचं तरी घर, तिथं रिकाम्या हातानं जायचं नाही. पाहुण्यांकडे जाताना नेतो तसं काहीतरी न्यायचं. हा नियम फ्रान्सचा की पारनेरचा, देव जाणे. बाबांना त्यानं कितीदा तरी गळ घातली. बाबा प्रत्येक वेळी विचारत, "दगडांत काय बघायचंय?" आणि पुन्हा वह्या तपासायला लागत.

याच नियमापायी तो एकदा गोत्यात आला. दुसऱ्या लढाईचे दिवस होते. आमच्या नगरच्या किल्ल्यात देशातले मोठमोठे पुढारी कैदेत ठेवले होते आणि खंदकाजवळ चिमणीलाही फिरकू देत नव्हते. अवघ्या गावाला हे ठाऊक होतं. मामालाही होतं. पण त्याचं म्हणणं, घरात पाहुणे असले म्हणून काय कुणी येऊच नये? तर हा पठ्ठ्या टोपलीभर पेरू घेऊन थेट पुलावर गेला, टोपी काखेत धरली आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला म्हणाला, "बोंझूर. आयतवारी फ्यामिली घेऊन आलो तर चालंल का?"

बाबांना शाळेतून बोलावून आणलं. चौकीवर मामा बाकावर शांत बसला होता आणि पेरूंत काही दडवलंय का ते शिपाई चिरून चिरून बघत होते. बघितलेला पेरू पुन्हा जोडता येत नाही, म्हणून खात होते. "हा माणूस निरुपद्रवी आहे," बाबांनी साहेबाला इंग्रजीत सांगितलं. "याला फक्त माझ्या मुलांना किल्ला दाखवायचा आहे." साहेबानं विचारलं, मग तुम्ही का दाखवत नाही? यावर बाबांनी रिकामी टोपली उचलली. निघताना मामानं सगळ्या शिपायांना मेर्सी म्हटलं.

लढाई संपली आणि त्याच वर्षी बाबांची सोलापूरच्या शाळेत बदली झाली. नाताळ उरकला की बिऱ्हाड हलवायचं ठरलं. मामानं ते ऐकलं आणि बरं म्हणाला. त्यानंतर पडवीत नुसता रंध्याचा आवाज. शातोचं नाव नाही. भाकरीसुद्धा तो हातानं तोडून खायला लागला, तेव्हा आई घाबरली.

ट्रंका बांधायला काढल्या त्या संध्याकाळी तो बाबांसमोर येऊन उभा राहिला. टोपी काखेत.

"दाजी, येक दिस द्या. समदे मिळून. पुन्ना काय म्हननार न्हाई."

बाबा म्हणाले, सामान अजून निम्मं बांधायचंय. मामा मान हलवून गेला. मग आई बोलली. ती बाबांशी सहसा वाद घालत नसे. एवढंच म्हणाली, "आपण गेल्यावर तो फ्रान्स कुणाला सांगणार?"

बाबांनी छत्री शोधायला घेतली.

मांजरसुंब्याचा डोंगरी किल्ला नगरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आम्ही पहाटेच निघालो. बायबलच्या वर्गाला जाताना घालायचे कपडे अंगावर, केसांना तेल. मामानं लोकरी कोट घातला होता आणि मांडीवर पेरूंची टोपली धरली होती. टोपलीला कुणालाही हात लावू देत नव्हता. गाडीवानाला, बैलांना, वाटेत पाणी देणाऱ्या बाईला त्यानं मेर्सी म्हटलं. बाबा छत्री उघडून बसले होते, त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

धापा टाकत दरवाजापाशी पोचलो. मामानं कोट झटकला, आमच्या कॉलरी नीट केल्या, कमानीवर टकटक केलं. या खेपेला कबुतर फडफडलं नाही. आतून घोंगडी पांघरलेला एक म्हातारा धनगर बाहेर आला.

त्यानं कोट बघितला, छत्री बघितली, चष्मा बघितला आणि हात जोडले. "साहेब, म्या काय हितं ऱ्हात न्हाई. मेंढरंच शिरली आत. हाकलतो."

त्याला वाटलं, सरकारी माणसं चराईची चौकशी करायला आली.

मामा कळवळून म्हणाला, "न्हाई वो बाबा. आमी बगाय आलोय. फ्यामिली हाय. तुमची काय हरकत नसंल तर आत येतो."

म्हातारा बघतच राहिला. उभ्या जन्मात त्याची परवानगी कुणी मागितली नसावी. तो आत गेला. आम्हाला मेंढरं बाहेर पिटाळल्याचा आवाज आला, मग फांदीनं झाडल्याचा. थोड्या वेळानं दरवाजात येऊन तो घरधन्यासारखा बाजूला झाला. "या. बसा. पानी हाय टाक्यात." मामानं पेरूंची टोपली त्याच्या हाती दिली. म्हाताऱ्यानं ती कपाळाला लावली. बाबांनी छत्री मिटली.

वर एक पडका महाल आहे. छत काही ठिकाणी गेलेलं, भिंती काळ्या, पण खिडक्यांतून खालची दरी आणि त्यातली हिरवी शेतं दिसतात. मामा आम्हाला एकेका दालनात नेत होता. इथं चूल असंल, इथं आरसा. तेवढ्यात बेबीनं त्याचं बोट ओढलं.

"मामा, तुझ्या शातोत पडद्यांचा पलंग कुठं होता? वर की खाली?"

"वर," मामा म्हणाला. मग तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. आईकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, म्या आत कदी गेलोच न्हाई."

बेबीचा हात त्यानं अजून धरलेलाच होता.

"आमाला फाटकाच्या आत सोडीत नव्हते. लाकडं तोडायची, गाडीत भरायची. आयतवारी सुट्टी असायची. तवा लोकं यायची शातो बगाय. नवरा, बायकू, पोरं. टोपलीत पाव. आत जायाची आन् बाहीर हिरवळीवर बसून जेवायची. पोरं एकमेकाला सांगायची आत काय काय हाय. भाषा मला कळायची न्हाई. पर हात कळायचे. येकानं आसं दोनी हात पसरले, म्हनलं चूल आसंल. येकीनं तोंड हिकडं तिकडं करून दाखवलं, म्हनलं आरसा. आसं करून करून म्या समदं बांधलं."

"आणि एवढी वर्षं आम्हाला खरं म्हणून सांगितलंस?" आई म्हणाली.

"खरंच हाय की. पोरं कशापायी खोटं बोलतील?"

मग तो कोटाचं बटण चाचपत म्हणाला, "मला आत जायाचं नव्हतंच, ताई. मला तसं यायाचं हुतं. त्यांच्यावानी. जेवान घिऊन."

आईनं "येडा आहेस" म्हटलं. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून गावचा शब्द आला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि तिथंच चादर अंथरली. बाजरीच्या भाकऱ्या, पिठलं, ठेचा, नाताळच्या उरलेल्या करंज्या. तिनं मामाची भाकरी स्वतः सुरीनं कापून त्याच्या पुढ्यात ठेवली. बाबांनी जेवणाआधीची प्रार्थना केली. नेहमीची त्यांची प्रार्थना दोन वाक्यांत आटपे. त्या दिवशी त्यांनी शेतांचे आभार मानले, बैलांचे मानले, म्हाताऱ्याचे मानले आणि एवढं करूनही त्यांना आमेन म्हणवेना. दान्यानं शेवटी त्यांना कोपरानं ढोसलं. बाबा तसे मला आधी माहीत नव्हते.

मामा नंतर फार दिवस जगला नाही. बाबाही गेले. पुढे आयुष्यात मला चांगली माणसं खूप भेटली, शिकलेली भेटली, पण ज्यांच्यामुळे मी भाग्याची, असं मनापासून म्हणावंसं वाटतं ती ही दोघं. एकानं न पाहिलेलं घर आम्हाला राहायला दिलं. आणि दुसऱ्यानं त्या दुपारी जे केलं, ते गणिताच्या कुठल्याच मास्तराला जमलं नसतं.

आम्ही उतरायला लागलो. आई भांड्यांचं गाठोडं घेऊन गाडीवानाबरोबर पुढे गेली होती. बेबी पेंगुळली होती म्हणून मामानं तिला खांद्यावर घेतलं होतं, मी आणि दान्या त्याच्या कोटाला धरून चालत होतो, बाबा मागे. दरवाजात म्हातारा पोचवायला उभा होता. पितळेच्या लोट्यातलं दूध त्यानं आम्हाला पाळीपाळीनं पाजलं आणि मामाला विचारलं,

"समदी तुमचीच लेकरं का, पाव्हनं?"

मामानं वळून बाबांकडे बघितलं.

अर्ध्या गुणाचीही सवलत कुणाला न देणारे माझे बाबा चष्मा पुसत म्हणाले, "हो, त्यांचीच. मी नुसता सोबतीला आलोय."

मामा बेबीला खांद्यावर नीट सावरून घेत म्हाताऱ्याला म्हणाला, "व्हय. लई तरास देत्यात."