रागाच्या मापाची कवळी

समोरच्या माणसाला सैल कसं करावं, ही कला माझ्याकडे उपजत आहे. म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाई "नातेवाइकांनी बाहेर बसावं" म्हणाल्या, तेव्हा मी स्टूल ओढून सासूबाईंच्या शेजारीच बसलो.

दात काढल्यापासून सासूबाई खोलीचं दार लावून एकट्या जेवत. आत गेलेले ओठ कुणाला दाखवायचे नाहीत, एवढाच हट्ट. कवळी बसली की त्या पुन्हा टेबलावर येणार होत्या. बायकोने त्यांची खुर्ची केव्हाच पुसून ठेवली होती.

कवळीसाठी जबडा नेमका कुठे मिटतो ते टिपावं लागतं. आधी तोंडात दोन पट्ट्या बसवल्या: खालचीला काजळी, वरचीला सुई. जबडा पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवला की काजळीवर बाणाचं टोक उमटायला हवं. सासूबाईंचं टोक म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण!

मग दातांच्या जागी मेणाचे कठडे तोंडात बसवले. मिटल्यावर वरखाली मिळून एक उभी रेघ ओढायची. पुन्हा मिटलं की रेघ जुळायला हवी. जुळेना. जबडा दरवेळी नव्या मुक्कामाला.

"आई, खांदे सोडा," मी म्हणालो. "घरी मी करून दाखवलं होतं ना?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघून तोंड मिटलं. डॉक्टरीणबाईंनी नवी रेघ ओढली.

"घाबरायचं काय त्यात? माझ्याकडे बघा, कसा बसलोय."

रेघ जुळली.

"जीभ मागे, आई. मागे म्हणजे मागे."

परत जुळली.

"तुम्ही बोलत राहा," डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या. मला हे सांगावं लागत नाही.

कवळी आली. पहिल्या रात्री मला ऑफिसातून यायला उशीर झाला. दारातून शिरतो तर सासूबाई ताट घेऊन खोलीकडे निघालेल्या, तोंडात दात खुळखुळतायत.

"आई, हळू चावा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

त्यांनी जबडा पुढे काढला. कट्. दात घट्ट बसले.

बायकोने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, माप घेताना तुम्ही आत होतात?"

मी बूट काढायला लागलो.

डॉक्टरीणबाईंनी नवं माप घ्यायचं ठरवलं, दारात मला हाताने थांबवून. पण नवी कवळी होईपर्यंत काय? सासूबाई जेवायला माझी वाट बघू लागल्या. मी समोर बसलो की म्हणायच्या, "हं, जावईबापू, सांगा काहीतरी."

मी सफरचंद कसं चिरावं ते सांगे. त्या रागाने फोडी फस्त करत. इतक्या वर्षांत माझं बोलणं कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. एकदा तर दात मध्येच सुटले. "आज राग येईना मेला," त्या बोळक्या तोंडाने सगळ्यांसमोर हसल्या.

नवी कवळी उत्तम बसली आहे. कुणीही समोर असो, नसो.

काल मला पुन्हा उशीर झाला. घरी आलो तेव्हा टेबल पुसून झालं होतं.