मोरवंती बेटाचा निघायचा कर

मोरवंती बेटाला आपली जागा सोडून जावं लागलं, कारण कुसुमताई फडतरे काही केल्या ‘जाते’ म्हणेनात.

मोरवंती हे परदेशी बेट. सरकारी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा एकट्या मराठीचाच अर्ज आला होता, म्हणून तिथला कारभार मराठीत चाले. कराची पद्धत सोपी होती. जहाजाने आलेल्या प्रवाशाने खिडकीपाशी ‘येतो’ म्हणायचं आणि प्रवेश शुल्क भरायचं. निघताना ‘जातो’ म्हणायचं आणि विमानतळ कर भरायचा. तोंडातून शब्द पडला की सरकारच्या लेखी गोष्ट झाली. मग माणूस जागचा हलला की नाही, हे बघायला सरकारला सवड नव्हती.

कुसुमताई आणि दिनकरराव कराडचे. मुलाने हौसेने दोघांना जहाजाच्या सहलीला पाठवलं होतं. बेट बघून दोघं धक्क्यावर परतली, तेव्हा जहाजाचा पहिला भोंगा झाला होता. खिडकी बेटाच्या कडेला होती आणि रांग धक्क्यावर.

“विमानतळ कुठं दिसला नाही वो,” दिनकरराव खिडकीतल्या तारकरसाहेबांना म्हणाले. “मग कर कसला?”

“नाही, म्हणूनच तर कर आहे,” तारकर शांतपणे म्हणाले. “असता तर बांधायला पैसे कशाला लागले असते?”

हे दिनकररावांना पटलं. त्यांची हयात साखर कारखान्याच्या कचेरीत गेली होती, त्यामुळे असली उत्तरं त्यांना चटकन पटत. त्यांनी ‘जातो’ म्हटलं, पैसे भरले आणि पिवळी रेघ ओलांडली. तारकरांनी त्यांच्या कार्डावर शिक्का मारला, ‘गेले’.

मग कुसुमताई पुढे झाल्या. “बरं मग, येते हं मी,” त्या हसून म्हणाल्या.

“मोरवंतीत आपलं स्वागत आहे,” तारकर म्हणाले. त्यांनी प्रवेश शुल्क घेतलं आणि स्वागताचं शहाळं पुढे केलं.

“अहो, मी निघालेय!”

“मग ‘जाते’ म्हणा.”

“अगंबाई, ते कसं म्हणू? दिवेलागणीच्या वेळेला? निघताना येते म्हणावं माणसानं.”

तारकरांनी पुन्हा स्वागत केलं. शुल्क पुन्हा गेलं, शहाळं पुन्हा आलं. असं बऱ्याचदा झालं. शहाळं फुकट टाकवत नाही, म्हणून कुसुमताई प्रत्येक वेळी पीत होत्या आणि आता त्यांच्याच्याने एक घोटही जाईना. तेवढ्यात त्यांची नजर नवऱ्याच्या हातातल्या कार्डावर गेली.

“ह्यांच्या कार्डावर काय छापलंय?”

“गेले.”

कुसुमताईंचं टाळकंच सरकलं. “कोण गेले? जीभ झडली नाही तुमच्या शिक्क्याची? धडधाकट उभे आहेत समोर! अहो, तुम्ही तरी बोला की!”

दिनकररावांनी तोंड उघडलं.

“गेलेल्या माणसाला बोलता येत नाही,” तारकरांनी आठवण करून दिली. दिनकररावांनी तोंड मिटलं. नियमाला त्यांनी जन्मात कधी विरोध केला नव्हता, आणि बायकोपुढे गप्प बसायचा सरकारी आदेश काही रोज मिळत नाही.

दुसरा भोंगा झाला. आता मात्र कुसुमताईंना रडू फुटायचंच बाकी राहिलं. ह्यांची रक्तदाबाची गोळी कुठल्या पिशवीत असते, हे ह्यांना आजवर ठाऊक नव्हतं. ‘जाते’ म्हटलं नाही तर हा माणूस गोळीवाचून समुद्रात एकटा चालता होणार. म्हणावं, तर त्या खिडकीच्या लेखी दोघंही ‘गेले’ होणार. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि ठामपणे सांगितलं, “नाही म्हणायची. काय करायचं ते करा.”

तारकरांना दया आली, पण दयेला कलम लागतं. त्यांनी नियम काढून सावकाश वाचले. “प्रवासी आणि बेट यांच्यात अंतर पडलं पाहिजे, एवढंच आहे इथं,” ते म्हणाले. “ते कोणी पाडायचं, याबद्दल काही नाही. बाई, तुम्ही जाणार नसाल तर आम्हाला जावं लागेल.”

“बरं, या मग,” कुसुमताई म्हणाल्या.

बेटाच्या वतीने तारकरांनी ‘जातो’ म्हटलं. बेटाच्या गल्ल्यातून कर काढला आणि त्याच गल्ल्यात भरला. चार माणसं धक्क्याला बांधलेल्या बेटाचे दोरखंड सोडायला लागली. दारातून माणूस निघतंय म्हटल्यावर कुसुमताईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी जहाजाच्या भटारखान्यातून वाटीभर दही मागवलं आणि खिडकीतून तारकरांच्या तळहातावर घातलं.

“सावकाश या. पण ह्यांचं काय?”

तारकरांनी विचार केला. “बेटच गेलं, म्हणजे हे राहिले.” त्यांनी कार्ड मागून घेतलं आणि आधीच्या शिक्क्यावर दुसरा मारला, ‘राहिले’. दिनकररावांनी घसा खाकरला.

“माझी गोळी कुठाय गं?” ते म्हणाले. इतका गोड आवाज कुसुमताईंनी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

बांबूचा रेटा बसला आणि नारळी, देवळं, बाजारपेठ घेऊन बेट हळूहळू धक्क्यापासून सुटलं. दोघं जहाजावर चढली. तिथे एक खलाशी डेक झाडत होता.

“ठेव तो झाडू!” कुसुमताई कडाडल्या. “लोक आत्ता निघालेत आणि पाठोपाठ केर काढतोस? पोहोचल्याचा फोन तरी येऊ दे.”

खलाश्याने कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने इंजिन बंद करायला सांगितलं. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याचं त्याला वाईट वाटलं. प्रवाशांनी पत्त्यांचे डाव मांडले. कुसुमताई नवऱ्याच्या शेजारी, मांडीवर फोन घेऊन बसल्या.

जेवणं उरकल्यावर फोन वाजला. त्या बराच वेळ नुसतं हं हं करत राहिल्या.

“पोहोचले का?” दिनकररावांनी विचारलं.

“पोहोचले सुखरूप. पण तिथं आधीचं एक बेट बसलंय म्हणे.”

“मग आता?”

“म्हटलं, जरा सरकून घ्यायला सांगा त्यांना,” कुसुमताई म्हणाल्या, आणि खलाश्याकडे वळल्या. “हं, झाड बाबा आता.”