रुमालांनी भरलेली धुळे गाडी

सार्वजनिक वाहतुकीच्या सुरक्षिततेचा गांभीर्याने विचार करून, जळगावातल्या एका मंगल कार्यालयात 'प्रवासी सुरक्षा अधिकारी' पदाचे एकवीस दिवसांचे प्रशिक्षण भरवण्यात आले. शिकवायला खरी गाडी नव्हती. म्हणून नवरदेवाच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोन-दोन करून मांडल्या, मधून वाट सोडली आणि त्या खोलीला 'वाहन' असे नाव दिले. डास येतात म्हणून वाहनाच्या खिडक्या बंद असत.

एरंडोल तालुक्यातला हिलाल या वाहनात सर्वांत हुशार ठरला. न ठरून करतो काय? सोमवारी त्याची सरकारी नोकरीची वयोमर्यादा संपत होती. ही नोकरी हुकली की पुढे कुठलीच नाही. बिचारा झोपेतही नियम बडबडायचा. जिच्याजवळ मालक नाही ती वस्तू बेवारस. तिला हात लावू नये, तीन शिट्ट्या माराव्यात, तीस पावले जागा मोकळी करावी आणि नमुना सात भरावा. सरावासाठी प्रशिक्षक गिरधर साहेब खुर्चीवर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवत. हिलालने एकवीस दिवस त्या डब्याला कोणाला बोट लावू दिले नाही. साहेब उपाशी राहिले, पण गुण पूर्ण दिले.

अंतिम परीक्षा खऱ्या स्टँडावर होती. निकालपत्रक त्याच दिवशी पाचच्या आत धुळ्याच्या कार्यालयात पोचायचे होते. साहेबांनी निकाल सकाळीच भरून ठेवला, आणि परीक्षा आटोपली की निघता यावे म्हणून परीक्षेला दोनची धुळे गाडीच निवडली. हिलालची आई कुंदाबाईही आली होती. लेकाची परीक्षा बघायची आणि त्याच गाडीने एरंडोलला उतरायचे, असा तिचा बेत.

गाडी आत वळली आणि जे घडले ते तुम्हाला सांगायला नको. ती थांबायच्या आत लोक बाजूने पळू लागले. खिडक्यांतून रुमाल, टोप्या, उपरणी, पिशव्या आत पडू लागल्या. गर्दीतल्या म्हाताऱ्या झुलालआबांच्या हाताशी काहीच नव्हते; त्यांनी डाव्या पायातली चप्पल टाकली. मग सगळे निवांतपणे दाराशी येऊन उभे राहिले.

हिलालने आत डोकावले. आत प्रवासी एक नाही. चव्वेचाळीस आसने, चव्वेचाळीस बेवारस वस्तू. नवरदेवाच्या खोलीत कधी एका डब्यापलीकडे मजल गेली नव्हती. पण नियम तो नियम. त्याने तीन शिट्ट्या मारल्या आणि गर्दी तीस पावले मागे रेटली.

"हिलाल, ती पिशवी मनी शे," कुंदाबाई म्हणाली. "भरीतना वांगा शेतस त्यामा."

"आई, मालकाने वस्तूजवळ उभं राहून मालकी सांगायची असते."

"मंग जाऊ दे ना मले तठे."

"बेवारस वस्तूजवळ कोणालाच जाता येत नाही."

कुंदाबाईने कपाळाला हात लावला. "बठ्ठा गावले सांगेल शे मी, पोऱ्या साहेब व्हयी गया म्हणून."

झुलालआबांनी पुरावा म्हणून उजव्या पायातली चप्पल वर धरली. हिलालने नियमपुस्तिका उघडली. वस्तू टाकून दूर गेलेली व्यक्ती संशयित समजावी, असे तिच्यात स्पष्ट होते. त्याने आबांचे नाव विचारताच आबांनी अनवाणी पाय धोतरामागे घेतला.

"ती चप्पल मनी नही," ते म्हणाले.

पाठोपाठ गर्दीतल्या एकेकाने आपापली वस्तू नाकारली. आता तर त्या खरोखरच बेवारस झाल्या.

गिरधर साहेब हिलालच्या कानाशी आले. "शाब्बास. आता पुरे. तिसऱ्या खिडकीतून टाकलेली काळी बॅग माझी आहे. निकालपत्रक तिच्यात आहे."

हिलालने मनात हिशेब केला. दार उघडावे तर नियम मोडून नापास. न उघडावे तर निकाल पाचच्या आत पोचत नाही आणि सोमवार उजाडतो.

"साहेब, तुमचं नाव संशयितांत घेऊ का?"

एकवीस दिवस आपण काय शिकवले हे साहेबांना त्या क्षणी समजले असावे.

हिलालने पान उलटले. कलम नऊ: संशयित वस्तू प्रवाशांपासून शक्य तितक्या दूर न्याव्यात. तिथून धुळे नव्वद किलोमीटर. त्याने नमुना सात कंडक्टर योगराजच्या हाती दिला आणि लांब शिट्टी वाजवली. सर्व आसने धरलेली गाडी एकाही प्रवाशाविना निघून गेली.

पुढची गाडी आली तेव्हा कुंदाबाईकडे टाकायला काही उरले नव्हते. तिने लेकाच्या हातातली नियमपुस्तिका ओढली आणि खिडकीतून आत टाकली. जागा मिळाली.

इकडे पहिल्या गाडीत एरंडोलला, पारोळ्याला माणसे चढली. आसनांकडे पाहून तशीच उभी राहिली.

"बसा की, गाडी रिकामी आहे," योगराज म्हणाला.

"नको भाऊ, जागा धरलेली आहे."

धुळ्यापर्यंत सव्वीस माणसे दांडीला लोंबकळत गेली. एक आजी झुलालआबांच्या चपलेशेजारी खाली बसली, पण चप्पल तिने हलवली नाही.

योगराजने नमुना सातबरोबर साहेबांची बॅग पाचला दहा मिनिटे असताना कार्यालयात पोचवली. हिलाल पहिला आला. वरून प्रशस्तिपत्रही मिळाले: प्रवाशांना इजा शून्य, मार्गावरील जनतेने एकाही संशयित वस्तूला हात लावला नाही, सुरक्षेची अशी जाण अन्य कोणत्याही जिल्ह्यात आढळली नाही.

हसलात? हसा. पारोळ्याला चढला असतात, तर तुम्हीही धुळ्यापर्यंत उभेच राहिला असतात. आणि जळगावला चढायचे असते, तर खिडकीजवळचा एखादा निळा रुमाल तुमचाच असता.