प्रश्नही मीच, उत्तरही मीच

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सरकारी कारभार आमच्या विद्यापीठात माझ्याइतका कुणालाच कळत नाही! आमच्या सार्वजनिक धोरण विभागात पुस्तकं सगळेच वाचतात, पण आठवड्यातले तीन दिवस खुद्द शहराच्या वाहतूक खात्यात इंटर्न म्हणून बसणारा मी एकटा. बसणारा म्हणजे अक्षरशः बसणारा. पहिला महिना मला कुणी कामच दिलं नाही. दुसऱ्या महिन्यात कोणत्या बटणाने कोणता पंखा लागतो हे लोक मला विचारू लागले. आणि तिसऱ्या महिन्यात उपसंचालक मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तू विद्यापीठातला ना? तुमच्या धोरण मंचाने मला भाषणाला बोलावलंय. भाषण तूच लिही."

आता गंमत बघा. धोरण मंच हा आम्हा विद्यार्थ्यांचाच. एखाद्या अधिकाऱ्याला बोलवायचं, त्याचं भाषण शांतपणे ऐकायचं आणि मग प्रश्न विचारून त्याला घाम फोडायचा, हा आमचा आवडता कार्यक्रम. आणि या खेपेला पहिला प्रश्न कुणाच्या नावावर होता? माझ्या!

हे कळताच ताईने मला ग्रंथालयाच्या जिन्यात गाठलं. ताई म्हणजे माझी आतेबहीण. ती राहते शहराच्या पार टोकाला, शेवटच्या वसाहतीत. घरी तिचे दोन धाकटे जुळे भाऊ. ते दोघं खेळायला लागले की भिंतीवरचं घड्याळ आपणहून खाली येतं. त्यामुळे ताईचा अभ्यास होतो तो फक्त ग्रंथालयात, आणि तिच्या वसाहतीची शेवटची बस सुटते संध्याकाळी सातला! सगळे नुकते वाचायला बसत असतात तेव्हा ही पुस्तकं पिशवीत कोंबत असते. तिची स्पर्धा परीक्षा जवळ आली होती. एकदा पिशवीची चेन लावताना मी तिला डोळे पुसताना पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "पुस्तकांची धूळ गेली." मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

"नऊची एक बस सुरू झाली तर मी पास होईन," ताई म्हणाली. "नाहीतर तुझ्या नावाने बोटं मोडत बसेन! तू त्या खात्यात करतोस तरी काय?"

"ताई, तू निर्धास्त राहा. बस आणली म्हणून समज!"

माझा बेत तयार होता. मॅडम समोर ठेवलेला कागद जसाच्या तसा वाचतात, हे ऑफिसात सगळेच सांगायचे. मी भाषणाच्या शेवटच्या पानावर हळूच घातलं, "आणि म्हणूनच, ग्रंथालय ते शेवटची वसाहत अशी रात्री नऊची बस आमचं खातं सुरू करत आहे, हे जाहीर करताना मला आनंद होतो." एकदा भरसभेत जाहीर झालं की खातं मागे कसं फिरणार?

"आणि पकडला गेलास तर?" ताईने विचारलं.

"पकडणार कोण? प्रश्न माझा, उत्तर माझं!"

आदल्या दिवशी मी भाषण मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी मान वर न करता "ठेव" म्हटलं. मी शीळ घालत बाहेर आलो.

कार्यक्रमाला सभागृह खचाखच भरलं होतं. ताई पहिल्या रांगेत, नवा ड्रेस घालून! भाषण सुरू व्हायला जरा वेळ होता, तेवढ्यात माझा फोन वाजला.

"अरे, मला तातडीची मीटिंग लागलीय," मॅडम म्हणाल्या. "माझ्या वतीने तूच भाषण वाच."

"मी?"

"लिहिलंयस तूच ना? मग वाचायला काय जातं?"

फोन बंद. पुढच्या क्षणी मी व्यासपीठावर होतो, समोर 'उपसंचालक' अशी पाटी, आणि हातात भाषणाची माझ्याकडची प्रत.

पहिली पानं कशीबशी पार पडली. शेवटचं पान आलं आणि मी थबकलो. मॅडमनी वाचली असती तर ती घोषणा होती. मी वाचली तर ती शुद्ध लबाडी! इंटर्नशिपचं प्रमाणपत्र गेलं की पदवी गेली. मी वाचलं, "आणि म्हणूनच..." आणि पुढचं सगळं गिळून म्हणालो, "धन्यवाद!"

पहिल्या रांगेतून ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाटी किंचित वर सरकवून तिच्यामागे दडायचा प्रयत्न केला.

मग उठला आमचा सूत्रसंचालक. याला आम्ही घड्याळमास्तर म्हणतो. हातात घंटी, खिशात नियमावली, चेहऱ्यावर हसू नाही. त्याने पहिला प्रश्नकर्ता म्हणून माझं नाव पुकारलं, सभागृहभर नजर फिरवली आणि शेवटी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तू वर काय करतोयस?"

"मी मॅडमच्या वतीने आलोय."

"ते असू दे. प्रश्न खालच्या माइकवरून, उत्तर वरच्या माइकवरून. नियम म्हणजे नियम!"

"मग मी प्रश्न सोडतो."

"सोडून तर बघ!" पहिल्या रांगेतून आवाज आला.

मी मुकाट्याने खाली उतरलो. "माझा प्रश्न असा," मी माइकमध्ये म्हणालो, "की ग्रंथालयापासून नऊची बस का नाही?" आणि सवयीने व्यासपीठाकडे पाहिलं. खुर्ची रिकामी! सभागृहात खसखस पिकली. मी पायऱ्या चढून वर गेलो, खुर्चीत बसलो, घसा खाकरला.

"प्रश्न चांगला आहे. सदर बाब विचाराधीन आहे."

देवाशपथ सांगतो, हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं मला ठाऊक नाही! खात्यात नुसतं बसून बसून ते अंगात मुरलं असावं.

"कुणाच्या विचाराधीन?" ताई ओरडली.

टिंग! घड्याळमास्तरने घंटी मारली. "उपप्रश्न फक्त मूळ प्रश्नकर्त्याने विचारायचा!"

मी पुन्हा खाली. "कुणाच्या विचाराधीन?"

पुन्हा वर. "वरिष्ठांच्या."

पुन्हा खाली. "त्या वरिष्ठांनी कधी रात्री बसची वाट पाहिलीय का?"

टाळ्या! धापा टाकत मी वर गेलो. "त्या मार्गावर रात्री प्रवासीच नसतात!"

हे ऐकून मला स्वतःचाच असा संताप आला म्हणून सांगू! दोन-दोन पायऱ्या गाळत मी खाली आलो. "बसच नसेल तर प्रवासी कुठून येणार? हवेत बसून जाणार?"

"खालच्याचं बरोबर आहे!" कुणीतरी ओरडलं. "वरचा टोलवाटोलवी करतोय!" मी नकळत मान डोलावली. एका काकांनी तर मला खालच्या माइकपाशी पाण्याचा पेला दिला आणि म्हणाले, "सोडू नका त्याला!"

मग मात्र मी थट्टा विसरलो. म्हणालो, "आमच्या ग्रंथालयात एक मुलगी आहे. तिला पुस्तक मिटायचं नसतं, तरी ती रोज मिटते. कारण तिचा अभ्यास संपायच्या आधी तिची शेवटची बस सुटते." ताई खाली मान घालून बसली होती. मी वर गेलो, खुर्चीत बसलो. आणि वरच्या मला खालच्याचं पटलं.

"ठीक आहे!" मी टेबलावर मूठ आपटली. "नऊची बस सुरू!"

काय तो जल्लोष! ताई खुर्चीवर उभी राहून शिट्टी वाजवत होती. लोक मला खांद्यावर घ्यायला धावले, पण वरच्याला घ्यायचं की खालच्याला यावर त्यांचं एकमत होईना. तेवढ्यात माझी नजर दाराकडे गेली. दारात मॅडम उभ्या होत्या.

त्या सावकाश चालत खालच्या माइकपाशी आल्या. घड्याळमास्तर पुढे झाला. "माफ करा, आपलं नाव यादीत नाही."

"यादीत नाही, पण त्या पाटीवर मी आहे," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "माझा प्रश्न. बस सुरू करायचा अधिकार तुला कुणी दिला?"

मी माइक जवळ ओढला.

"सदर बाब... विचाराधीन आहे, मॅडम."

पहिल्या हसल्या त्या मॅडमच, आणि मग सगळं सभागृह!

"समोरचा कागद मी जसाच्या तसा वाचते, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण आदल्या दिवशी घरी एकदा वाचून! तुझं शेवटचं पान वाचलं आणि म्हटलं, बघू या पोरगा स्वतः काय करतो ते. मीटिंग तुमच्याच कँटीनमध्ये होती. चहा बरा असतो तुमचा." मग त्या सभेकडे वळल्या. "एक महिना बस चालवून बघायचा अधिकार मला आहे. चालवते. पण रिकामी धावली तर बंद! आणि प्रवासी खरंच येतात की नाही, हे हा मुलगा रोज त्या बसने जाऊन मला सांगेल."

ताईने मला असं कवटाळलं की माझ्या शर्टाची दोन बटणं गेली. त्याचं काहीच वाटलं नाही मला!

तर बस सुरू झाली. ताई आता मनसोक्त वाचते, बस भरून जाते, सगळे खूश आहेत. एकच बारीकशी अडचण आहे. मी राहतो ग्रंथालयाच्या पाठीमागच्या वसतिगृहात, खोलीच्या खिडकीतून ग्रंथालयाचं दार दिसतं, आणि त्या बसला परतीची फेरीच नाही! पहिल्या दिवशी शेवटच्या थांब्यावर मी कंडक्टरला विचारलं, "आता परत कधी?" तर तो म्हणाला, "उद्या." तेव्हापासून मी आत्याकडे झोपतो. दोन जुळ्यांच्या मधोमध!

"तू काळजीच करू नकोस," ताई परवा म्हणाली. "मंचाच्या पुढच्या सभेत परतीच्या बसचा विषय घेतलाय. पहिला प्रश्न तुझ्याच नावावर!"

मी आनंदाने उड्या मारत ऑफिसात गेलो. मॅडम वाटच बघत होत्या.

"तुमच्या मंचाचं पुन्हा बोलावणं आलंय. भाषण लिही. परतीची बस का परवडत नाही, ते नीट पटवून दे. आणि या वेळी वाचणार मी."

सध्या तेच लिहितोय, आत्याच्या घरी, एक जुळा पाठीवर आणि एक मांडीवर घेऊन. आणि खरं सांगू? मुद्दे इतके बिनतोड झालेत की आपण चालत गेलेलंच बरं, असं आता मलाच वाटायला लागलंय!